तुळशीला काही झाले नाही

"प्राध्यापिकाबाई, तेवढं डाव्या चाकाचं लिंबू सरळ करा. टायरच्या बरोबर मध्यावर यायला हवं," नाना स्टिअरिंगमागून म्हणाले.

मी वाकून लिंबू दोन बोटे उजवीकडे सरकवले. ते मध्यावर फुटले काय आणि कडेला फुटले काय, त्याने गाडीच्या आयुष्यात कोणता फरक पडतो, हा प्रश्न मी विचारला नाही. दसऱ्याचा दिवस होता, गाडी नवी होती, आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सुनेने निदान सणासुदीला तोंड बंद ठेवावे असा आमच्या घरात अलिखित करार होता.

नाना म्हणजे माझे सासरे, त्र्यंबक सबनीस, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कराडच्या बाहेर आमचे घर त्यांनी स्वतः उभे राहून बांधून घेतले होते. अंगणातले तुळशी वृंदावनही त्यांचेच. सासूबाईंनी कमरेएवढे, साधेसे वृंदावन मागितले होते. नानांनी आधी माती तपासायला पाठवली, मग पाया खोदला, मग त्यात धरणावर वापरतात तशा जाड सळ्या घातल्या. भूकंप झाला तर घरातून पळून तुळशीपाशी जायचे, असे मी लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी ठरवून ठेवले होते.

तर गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघाले, झेंडूचा हार चढला, नारळ फुटला. चारही चाकांपुढे चार लिंबे ठेवून झाली. गाडीने ती चिरडत पुढे फाटकाकडे जायचे, म्हणजे वाटेतल्या सगळ्या संकटांचा चेंदामेंदा आधीच होऊन जातो, असे त्यामागचे तंत्र.

"अगं बाई, कापूर," आई ओवाळता ओवाळता थांबल्या. सासूबाईंना मी आईच म्हणत असे. "रेवा, पळ, देवघरातून कापूर आण."

माझी सात वर्षांची मुलगी आत पळाली. नानांना मात्र थांबायचे नव्हते. मुहूर्त टळत होता. आरशात बघितल्यासारखे त्यांनी आधीच केले होते; आता तळहाताचा भार देऊन त्यांनी गिअरचा दांडा दाबला, आणि आयुष्यभर सरकारी जीप चालवलेल्या माणसाच्या निर्धाराने क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याचा डबा कोणी गुडघ्याने चेपावा, तेवढाच. डिकी वृंदावनाच्या कोपऱ्याभोवती आदराने वाकली होती. मागचा एक दिवा फरशीवर पडला होता. तुळशीची दोन पाने गळली. ती बहुधा गळणारच होती.

"तुळशीला काही झालं का?" हे आईंचे पहिले वाक्य. त्या नानांच्या पत्नी आहेत आणि नाना अजून गाडीतच आहेत, हे त्यांच्या नंतर लक्षात आले.

"तुळशीला काय होतंय," नाना आतून म्हणाले. त्या आवाजात बांधकामाचा अभिमान होता, पण हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

रेवा कापूर घेऊन दारात उभी होती. तिने गाडी पाहिली, आजोबांना पाहिले, आणि कापराची डबी पाठीमागे लपवली, जणू चूक तिचीच होती.

*

दुपारच्या जेवणाला श्रीखंड होते. ते कोणी मागून घेतले नाही. कारणमीमांसा मात्र भरपूर वाढली गेली.

"मनात भाव नसताना लिंबू सरकवलंस," आई मला म्हणाल्या. "मी बघत होते तुझा चेहरा."

"आई, माझा चेहरा गाडीच्या पुढे होता. गाडी मागे गेली."

"तेच तर. पुढं जायचं धाडस झालं नाही तिला."

नानांचे निदान यांत्रिक होते. "गाडीत दोष आहे. मी पहिला टाकला. गाडी आपोआप मागे घरंगळली. ब्रेक धरले नाहीत. नव्या गाड्यांचं सगळं प्लॅस्टिक असतं."

"शोरूममधून आपण तीच चालवत आणली ना?"

"तुम्ही आणलीत," नाना म्हणाले. हे खरे होते. नानांनी ती प्रथमच हातात घेतली होती.

त्यांनी वरणभात संपवला. ताटाच्या डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड जशीच्या तशी होती. मी वाटी पुढे सरकवू लागले, तेव्हा आई म्हणाल्या, "राहू दे. हल्ली डावीकडचं काही खात नाहीत ते. वर्ष होत आलं. पण वाढायचं म्हणून मी वाढते."

"पोटाला बरं असतं," नाना म्हणाले, आणि ताक मागितले. ताक मी उजवीकडे ठेवले. ते त्यांनी लगेच उचलले.

*

संध्याकाळी उत्तमराव शेटे आपट्याची पाने घेऊन आले. शेटे आमचे विमा प्रतिनिधी. गाडीचा विमा त्यांनीच उतरवला होता. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," असे म्हणत ते फाटकातून आत आले आणि 'राहा' म्हणता म्हणता त्यांना डिकी दिसली.

"आरं देवा," ते म्हणाले. मग लगेच धंद्याच्या आवाजात, "कळवायचं तर लवकर कळवाय पाहिजे, वैनी. उशीर केला की ते विचारत्यात, एवढा वेळ काय करत होता. कोण चालवत होतं?"

नाना आपट्याची पाने निरखू लागले.

"हेमा चालवत होती," आई म्हणाल्या.

हेमा म्हणजे मी. मी आईंकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. सुनेने वृंदावनावर गाडी घातली तर गावात चार दिवस बोलतील; नवऱ्याने घातली तर त्यांना स्वतःला जन्मभर आठवेल, हा त्यांचा हिशेब मला समजत होता. शिवाय माझ्या नास्तिकपणाची प्रसिद्धी आधीच झालेली असल्याने बदनामी गावभर पोचवायचा वेगळा खर्च नव्हता.

"उत्तम," शेटे म्हणाले. "वैनी चालवत होत्या. आन् कुत्रं आडवं आलं."

"कुठलं कुत्रं?" मी विचारले.

"कुठलंबी. रंग विचारत न्हाईत."

"शेटे, तुमच्याकडच्या किती अपघातांत कुत्री असतात?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ज्यात म्हस नसती, त्या सगळ्यात."

एका प्राण्यावर इतका विश्वास टाकलेली दुसरी यंत्रणा मी पाहिलेली नाही, आणि मी देवस्थानांच्या तालुक्यात वाढले आहे.

"कुत्रंही नको आणि कळवायलाही नको," नाना एकदम म्हणाले. "खर्च माझा मी करीन. चाळीस वर्षांत माझ्या हातून साधा ओरखडा गेला नाही कुठल्या गाडीला. आता या वयात नावावर अपघात लिहून घेऊ? शेटे, गॅरेजवाल्याला सांगा, चार दिवसांत डिकी काढून दे. सोमवारपासून रेवाला मलाच शाळेत सोडायचंय."

"तेवढ्यासाठी तर घेतली गाडी," आई म्हणाल्या.

ते खरे होते. माझे कॉलेज सकाळचे, रेवाची शाळा सकाळची आणि दोन्ही गावाच्या दोन टोकांना. माझा नवरा श्रीनिवास गुजरातेत कारखान्यावर, महिन्यातून एकदा येणारा. जुनी गाडी नाना फक्त दूध आणि वर्तमानपत्र आणायला काढत, तीही हळूहळू बंद झाली होती. नवी घ्यायची कल्पना त्यांचीच.

मी श्रीनिवासला फोन लावला.

"कोणाला लागलं नाही ना?" त्याने विचारले.

"नाही."

"मग आई म्हणते तसं कर."

"आई म्हणतात, मी चालवत होते."

"आणि नाना?"

"ते म्हणतात, काही झालंच नाही."

"हेमा, तू विज्ञानवाली आहेस. यातून मार्ग काढ," असे म्हणून त्याने फोन ठेवला. आई-वडिलांच्या बाबतीत माझा नवरा विज्ञानाला एवढी मोठी जबाबदारी देतो.

मार्ग एकूण तीन होते. न कळवले तर काही घडले नव्हते. कुत्र्यासह कळवले तर घडले होते, पण ते कुत्र्यामुळे. आणि खरे कळवले तर नानांना आपल्या तोंडाने सांगावे लागले असते, की मी रिकाम्या अंगणात, दिवसाउजेडी, स्वतःच बांधलेल्या वृंदावनावर गाडी नेली. पहिल्या दोन्ही मार्गांनी गेले तर सोमवारी रेवा त्यांच्या शेजारच्या सीटवर बसणार होती. विमा कंपनीशी माझे काही देणेघेणे नव्हते. मला तेवढ्या एका सीटशी होते.

"उद्या सकाळपर्यंत थांबा," मी शेट्यांना म्हटले.

"थांबतो. पन कुत्र्याचं तेवढं पक्कं करून ठेवा," ते म्हणाले आणि आईंच्या हातावर सोने ठेवून निघाले.

*

सकाळी मी अंगणात गेले. आईंनी आदल्या दिवशी कोणाला काही हलवू दिले नव्हते. लिंबे जिथल्या तिथे होती. चारही शाबूत. गाडी त्यांच्यापासून दोन पावले मागे, वृंदावनाला टेकून उभी. एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगाच्या निष्कर्षासह सगळी मांडणी तशीच सोडून जावे, असे ते दृश्य होते.

नाना चहाचा कप घेऊन बाहेर आले. पायरीवर डावीकडे ठेवलेल्या झाडांच्या झारीला त्यांचा पाय लागला, ती गडगडली. "इथं कुणी ठेवली ही?" ते म्हणाले. झारी ठेवायची जागा त्यांनीच ठरवून दिलेली होती.

"नाना, गाडी आपोआप मागे घरंगळली म्हणालात ना?"

"म्हणालो."

मी एक लिंबू उचलले आणि गाडीच्या पुढच्या चाकाशी, शहाबादी फरशीवर हलकेच सोडले. ते देठाच्या टोकावर गिरकी घेऊन तिथेच बसले. कुठलाच प्रयोग पहिल्या खेपेला प्रयोगकर्त्याची अब्रू राखत नाही. दुसरे लिंबू जास्त गोल होते. ते क्षणभर विचारात पडले, मग हळूहळू निघाले, वेग धरला आणि फाटकापाशी गटारात जाऊन पडले. तुळशीच्या बरोबर विरुद्ध दिशेला.

नाना बघत होते. चहा निवत होता.

"पावसाचं पाणी फाटकाकडे जावं म्हणून उतार दिलाय," ते म्हणाले.

"कोणी?"

"मीच." त्यांनी कप कठड्यावर ठेवला. "म्हणजे घरंगळली असती, तर लिंबांवरून पुढं गेली असती."

"हो."

"लिंबं तर एकही फुटलेलं नाही."

"नाही."

धरणाच्या भिंतीतली गळती शोधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही. ते गाडीत जाऊन बसले. दार उघडे ठेवून त्यांनी तळहाताने दांडा दाबला, डावीकडे ओढला, वर ढकलला. मग पुन्हा एकदा, न दाबता.

"जीपचा दांडा दाबल्याशिवाय बधायचा नाही," ते म्हणाले. "सवय. हिच्यात दाबून वर घेतला की रिव्हर्स पडतो, न दाबता घेतला की पहिला. असं कसं केलंय यांनी? माणसाला कळायचं कसं?"

"दांड्यावर चित्र काढलंय, नाना."

ते दांड्याकडे वळून बघू लागले. दांडा त्यांच्या डाव्या हाताशी होता. डोळे वळले, मग मान वळली, मग खांदा वळला. एवढेसे चित्र बघायला अख्खा माणूस वळावा लागला.

मी गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. "चटणी का सोडलीत?"

"काय?"

"वर्ष झालं म्हणाल्या आई. चटणी, कोशिंबीर, लिंबू. डावीकडचं सगळं."

त्यांनी दांड्यावरचा हात काढून मांडीवर घेतला. शेजारच्या घरी कोणीतरी बादलीत पाणी सोडले होते, त्याचा आवाज येत राहिला.

"सोडली नाही, हेमा," ते म्हणाले. मला ते एरवी प्राध्यापिकाबाई म्हणत आणि अहोजाहो करत. हेमा म्हटले की थट्टा संपली असे समजायचे. "दिसत नाही. मान वळवली तर दिसते. पण ताटावर बसून मान वळवून शोधायला लागलो, तर हिला कळेल. मागितली, तर म्हणेल समोरच तर वाढलीय. त्यापेक्षा आवडत नाही म्हणणं सोपं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

या वाक्यातली तर्कशुद्धता मला मान्य करावी लागली.

"लायसन्सच्या वेळी डोळे तपासले होते ना?"

"एजंटानं माझे तपासून आणले," नाना म्हणाले. "मी घरीच होतो."

मला हसू आले, त्यांनाही आले, पण दोघांचेही अर्ध्यात थांबले.

"रेवाला सोडायला उजवीकडचं पुरतं," ते म्हणाले. "रस्ता सरळ आहे. मी हळू चालवतो. डावीकडं फुटपाथच असतो."

"नाना, काल गाडी सुरू करण्याआधी आरशात पाहिलंत?"

"पाहिलं."

"काय दिसलं?"

"मागं कुणी नव्हतं."

आतला आरसा चालकाच्या डावीकडे वर असतो. मी हे त्यांना सांगितले नाही. त्यांना ते माहीत होते.

"रेवा होती," मी म्हटले. "वृंदावनाला टेकून उभी. पिवळा फ्रॉक. तुम्ही आरशात बघितलंत तेव्हा तिनं तुम्हाला हात केला. तुम्ही केला नाहीत, म्हणून तिनं दोन्ही हात केले. मग आईंना कापूर आठवला."

ही गोष्ट मी आदल्या दिवशी कोणालाच सांगितली नव्हती. शेट्यांना नाही, श्रीनिवासला नाही. कोणाला लागलं नाही ना, असे त्याने विचारल्यावर नाही म्हणाले होते, आणि ते अचूक उत्तर होते.

नानांनी डिकीकडे वळून पाहिले. ती वृंदावनाच्या कोपऱ्याला जिथे चेपली होती, ती जागा साधारण रेवाच्या छातीच्या उंचीवर होती. अभियंत्याला उंची डोळ्यांनी कळते, एका बाजूच्या डोळ्यांनीसुद्धा.

ते गाडीतून उतरले. दार लावताना हात चुकला, पुन्हा लावले.

"हिला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू. ती म्हणेल देवानंच कापूर विसरायला लावला."

"म्हणू द्या की."

"तुझं काय म्हणणं आहे?"

"कापूर विसरला होता, एवढंच."

त्यांनी मान हलवली. मग निवलेला चहा एका घोटात संपवला. "शेट्याला फोन लाव. कंपनीला कळव म्हणावं."

"कोण चालवत होतं म्हणून सांगू?"

"ते नको. कळव म्हणावं, तेवढंच सांग."

*

कंपनीचा सर्व्हेअर दुपारीच आला. मुजावर नावाचा सडपातळ तरुण, खांद्याला कॅमेरा, चेहऱ्यावर पराकोटीचा संयम. त्याच्या मागोमाग शेटे आले. नाना आतल्या खोलीत होते आणि सकाळपासून बाहेर आले नव्हते. आईंनी माझ्या दंडाला धरून मला ओसरीच्या मध्यभागी उभे केले, चालक म्हणून.

उन्हातून आलेल्या माणसाला काहीतरी द्यावे म्हणून मी आधीच सरबत करून ठेवले होते. आईंनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"लिंबं कुठली?"

"अंगणातली."

"अंगणात लिंबाचं झाड नाही आपल्या." मग त्यांचा चेहरा बदलला. "अगं, गाडीखालची लिंबं?"

"गाडीखाली गेलीच नाहीत ती, आई. म्हणून तर शिल्लक राहिली."

मुजावर पेला तोंडाशी नेता नेता थांबला, आमच्या दोघींकडे पाहिले, आणि प्यायला. तहान श्रद्धेपेक्षा जुनी आहे.

"कसं झालं, सांगा," तो म्हणाला.

"कुत्रं आडवं आलं," शेटे म्हणाले.

"मार मागे बसलाय."

"कुत्रं पुढनं आलं. म्हणून मॅडमनी मागं घेतली."

"फाटक बंद होतं?"

"हो," आई म्हणाल्या.

"मग कुत्रं आत कसं आलं?"

शेट्यांनी फाटकाकडे पाहिले. "आतच होतं. ह्यांचंच."

"आमच्याकडे कुत्रं नाही," मी म्हटले.

"काल होतं," शेटे म्हणाले. त्यांचा सूर कळवळ्याचा होता.

तेवढ्यात नाना बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पँट, पायात बूट. मंत्री धरण पाहायला येत, त्या दिवशीचा हा पोशाख मी फक्त फोटोत पाहिला होता. पायरी उतरताना त्यांनी सरळ माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधी कधी ठेवला नव्हता.

"लिहा," ते मुजावरला म्हणाले. "चालक त्र्यंबक केशव सबनीस. वय चौऱ्याहत्तर. पहिला गिअर टाकायचा होता, रिव्हर्स पडला. गाडीत दोष नाही. अंगणाच्या उतारात दोष नाही. कुत्रं नव्हतं."

"नाना," शेटे कळवळून म्हणाले, "कुत्रं मी मघाशीच फोनवर सांगून बसलोय."

"शेटे, मी पस्तीस वर्षं साइटवरचे अहवाल वाचले. पहिल्या ओळीत जनावर आलं की मी पुढचं वाचत नसे."

आई नानांकडे बघत होत्या. "अहो, हेमाचं नाव सांगितलंय मी."

"माहितेय. म्हणून तर बूट घातले."

मुजावरने लिहिता लिहिता वर पाहिले. "साहेब, मागे बघितलं नव्हतं का?"

"बघितलं होतं," नाना म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही. वर्षभर दिसत नाहीये. बायकोला आज कळतंय." त्यांनी आईंकडे वळून पाहिले. "तेही लिहायचं असेल तर लिहा."

मुजावरने पेन बंद केले. "ते माझ्या कामाचं नाही, साहेब. तुमच्याजवळ लायसन्स आहे, तेवढं मला पुरतं." मग तो वृंदावनाभोवती फिरला, कोपऱ्यावर बोट फिरवले. "याचं काही नुकसान?"

"तुळशीला काही झालं नाही," नाना म्हणाले. "पायात सळ्या आहेत."

आई आत निघून गेल्या. मला वाटले, रडायला गेल्या असतील. त्या कागदी लिंबे आणायला गेल्या होत्या. पाहुण्याला चांगल्या लिंबांचे सरबत देण्यासाठी.

*

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेले ते येणार नाही, उरले ते थेंबांनी राखता येईल, असे ते म्हणाले. त्या रात्री आईंनी नानांचे ताट वाढले तेव्हा चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड उजवीकडे ठेवली. लिंबू कुठल्या चाकाखाली कुठे ठेवायचे याचे शास्त्र सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने उलटे ताट वाढले, आणि पुढे कायम वाढले, पाहुण्यांच्या पंगतीतही. कोणी विचारले तर "आमच्यात असंच असतं" म्हणत. नानांनी पहिल्या दिवशी चटणी दोनदा मागून घेतली.

विम्याचा दावा मंजूर झाला. शेटे मंजुरीचा कागद घेऊन आले आणि नानांच्या हाती न देता माझ्या हाती देऊ लागले. मी वाचून दाखवला. चालक: त्र्यंबक केशव सबनीस. अपघाताचे कारण: अचानक कुत्रे आडवे आल्याने.

"संगणकात मी फोनवर सांगितलेलं तसंच राहिलं," शेटे जमिनीकडे बघत म्हणाले. "मुजावरानं खरं लिवलं हुतं. पन वरच्या हापिसात कुत्रंच पास झालं. बदलून आणू का, नाना? लई दिवस लागतील."

ज्या माणसाने बूट घालून खरे सांगितले, त्याच्या नावावर शेवटी कुत्रेच लागले, हे मला सहन होत नव्हते. नानांना मात्र खुदकन हसू फुटले, आणि ते हसतच राहिले. "राहू द्या," ते म्हणाले. "कागदावर कुत्रं असू दे. आरशात कोण होतं ते मला माहितेय."

शेट्यांना ते कळले नाही. आईंनाही नाही. आत सरबताचे पेले वाजत होते.

सोमवारच्या शाळेसाठी मी कॉलेजातला माझा पहिला तास दुसऱ्या एका प्राध्यापकांना दिला होता. ते वर्गात माझ्यापेक्षा जास्त लोकप्रिय झाले. गाडी गॅरेजमधून आली त्या दिवशी आईंनी पुन्हा चार लिंबे मांडली. मी काही बोलले नाही. मी चालकाच्या जागी बसले, नाना माझ्या डावीकडे. पहिला गिअर टाकला, न दाबता. लिंबे एकापाठोपाठ एक फुटली. नानांनी काच आधीच खाली करून ठेवली होती; त्यांनी चारही आवाज मोजले.

"आता मागे घ्या, प्राध्यापिकाबाई. गाडी सावलीत लावू."

मी रिव्हर्स टाकला आणि आरशात पाहिले.

"रेवा दिसतेय का?" नानांनी विचारले. ते समोर बघत होते.

"दिसतेय."

"कुठं आहे?"

"वृंदावनापाशी. हात करतेय."

नानांनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढायचा प्रयत्न केला. खिडकी त्यांच्या डावीकडे होती. मग त्यांनी डावा हात काढला आणि न बघताच हलवला.

"मग आधी तिला बाजूला हो म्हण," ते म्हणाले, "आणि मग घे."